क्ष, य आणि कृष्णेचे पाणी

बीजगणिताच्या शालेय पुस्तकांत स्वतंत्र चल आणि परतंत्र चल यांची जी व्याख्या दिलेली असते, ती इतकी आटोपशीर आणि सुलभ असते की, ती पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास तिच्यात विचार करण्यासारखे काही उरले असेल अशी शंकाही येत नाही. ज्या राशीला आपण यथेच्छ मूल्य देऊ शकतो ती स्वतंत्र, आणि तिला मूल्य दिले असता जिचे मूल्य आपोआप निश्चित होते ती परतंत्र. पहिलीचे नाव क्ष, दुसरीचे य. या व्याख्येत चुकीचे असे काहीच नाही. परंतु तिच्या आडोशाने एक निराळीच समजूत मनात शिरकाव करून घेते, आणि ती अशी की, क्ष हे कारण व य हे कार्य. राशींच्या जन्मपत्रिकेतच एकीच्या वाट्यास धनीपण आणि दुसरीच्या वाट्यास चाकरी लिहून ठेवलेली असते. ज्याने पाटबंधारे खात्याच्या जलमापन शाखेत नोकरी केली, त्याच्यापाशी ही समजूत फार काळ टिकत नाही. कारण त्या शाखेचे अवघे दप्तर ज्या तक्त्याच्या आधारावर उभे असते, तो तक्ताच मुळी या समजुतीच्या अगदी उलट लिहिलेला असतो.

माझी नेमणूक कृष्णेच्या खोऱ्यात, कऱ्हाडच्या खाली नदीकाठच्या एका मापनकेंद्रावर झाली. केंद्र हा शब्द त्या जागेस जरा भारदस्तच होता. घाटाच्या पायऱ्यांलगत खांबांवर रंगविलेल्या मोजपट्ट्या, पात्रावर या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला पोलादी दोर, त्या दोराला धरून चालणारी एक नाव, आणि काठावर पत्र्याची एक खोली, जिच्यात नोंदवह्या, कंदील व लाकडी पेटीत जपून ठेवलेला करंट मीटर एवढाच सरंजाम होता. मोजपट्टीवरची पातळी वाचणे हे काम अक्षरओळख असलेल्या कोणालाही साधण्यासारखे होते. एरवी दिवसातून ठरावीक वेळी आणि पुरात तासातासाला पट्टीवरचा आकडा पाहायचा व वहीत उतरवायचा. परंतु त्या क्षणी नदीतून दर सेकंदास किती घनमीटर पाणी वाहते आहे, म्हणजे ज्याला खात्यात विसर्ग म्हणतात तो किती आहे, हे काढण्यास चांगला अर्धा दिवस खर्ची पडे. दोराच्या आधाराने नाव पात्रात न्यायची, ठरावीक अंतरांवर थांबवायची, प्रत्येक ठिकाणी खोली घ्यायची, त्या खोलीच्या सहा दशांशावर, आणि पाणी फार खोल असल्यास दोन दशांश व आठ दशांश अशा दोन ठिकाणी, माशाच्या आकाराचे वजन लावलेला मीटर सोडायचा, त्याच्या फिरत्या वाट्यांची टकटक कानाला लावलेल्या यंत्रातून मोजायची, तिच्यावरून पाण्याचा वेग काढायचा, त्या वेगास पात्राच्या तेवढ्या पट्ट्याच्या क्षेत्रफळाने गुणायचे, आणि काठापासून काठापर्यंतच्या सर्व पट्ट्यांची बेरीज मांडायची, असा तो विधी होता. ऐन पुरात, उन्मळलेली झाडे वाहत येत असताना, नाव घालण्याची सोयच नसे. तेव्हा प्रवाहावर तरंगते सोडून पृष्ठभागाचा वेग घ्यायचा आणि तो सुमारे ०.८५ ने गुणून सरासरी वेग मानायचा, एवढ्यावर समाधान मानावे लागे.

इतका खटाटोप प्रत्यही कोण करणार? म्हणून युक्ती अशी की, वर्षभरात निरनिराळ्या पातळ्या असताना विसर्ग मोजून ठेवायचा, ते बिंदू आलेखपत्रावर मांडायचे, त्यांच्यामधून एक वक्ररेषा काढायची, आणि त्या रेषेवरून तक्ता तयार करायचा: डाव्या रकान्यात पातळी, उजव्या रकान्यात विसर्ग. पुढे मोजणीदाराने केवळ पातळी वाचून कळवावी. विसर्ग कचेरीत बसलेल्या कारकुनाला तक्त्यात सापडतो. जगातील बहुतेक नद्यांच्या पाण्याचा हिशेब अशाच रीतीने ठेवला जातो.

या तक्त्यात स्वतंत्र चल कोणते, असे विचारले तर उत्तर निःसंशय पातळी हेच आहे. तीच आपण हाती घेऊन तक्त्यात शिरतो. परंतु नदीस विचारले तर? नदीत पाणी अधिक आले म्हणून ते चढते. ते चढले म्हणून अधिक येत नाही. निसर्गात विसर्ग आधी आणि पातळी त्याच्या मागून, तर दप्तरात पातळी आधी आणि विसर्ग तिच्या मागून, असा हा उलटा व्यवहार. वैद्य काचेच्या नळीतील पाऱ्याची उंची पाहून ताप किती ते सांगतो, पण पारा चढल्यामुळे रोग्यास ताप आला असे त्याच्या मनातही येत नाही. आमच्या तक्त्याची जात तीच. जे सहज वाचता येते त्यास डावा रकाना मिळाला, आणि जे कष्टाने काढावे लागते त्यास उजवा. येथे स्वातंत्र्य आहे ते जाणणाऱ्याच्या सोयीचे. पाण्याला त्याची दादही नाही, फिर्यादही नाही.

यात आणखी एक मौजेचा भाग आहे. शाळेत स्वतंत्र चल आडव्या अक्षावर मांडण्याचा दंडक असतो, आणि तो मोडल्यास गुण कापले जातात. जलमापनात मात्र पातळी उभ्या अक्षावर आणि विसर्ग आडव्या अक्षावर मांडण्याचा प्रघात आहे. कारण पातळी ही उंची आहे आणि उंची उभीच बरी दिसते. अर्थशास्त्रातही किंमत उभ्या अक्षावर आणि मागणी आडव्या अक्षावर मांडण्याची रीत मार्शलच्या १८९० च्या ग्रंथापासून रूढ झाली, जरी तेथेही बहुधा किंमतच आधी धरून मागणी शोधली जाते. अक्ष पाहून स्वातंत्र्य ओळखू जाणारा माणूस या दोन्ही शास्त्रांच्या उंबरठ्यावरच अडखळेल.

हीच गोष्ट मला अधिक स्वच्छपणे दिसली ती खडकवासल्यास. करंट मीटरच्या वाट्या दर सेकंदास किती फेरे घेतात यावरून पाण्याचा वेग काढण्यासाठी प्रत्येक मीटरचे स्वतःचे एक समीकरण असते, आणि ते समीकरण ठरावीक मुदतीने तपासून घ्यावे लागते. १९१६ साली मुंबई सरकारने सुरू केलेल्या आणि आता केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेथील संस्थेत त्यासाठी एक लांबलचक टाकी आहे. टाकीतील पाणी निश्चल असते. वर रुळांवरून एक गाडी धावते आणि तिला टांगलेला मीटर त्या निश्चल पाण्यातून ओढला जातो. गाडीचा वेग चालकाच्या हाती. तो वेग ठरवितो, मीटर फेरे घेतो, आणि फेरे मोजले जातात. म्हणजे तेथे वेग स्वतंत्र आणि फेरे परतंत्र. तोच मीटर पेटीत घालून कृष्णेवर आणला की, फेरे मोजायचे आणि वेग काढायचा: फेरे स्वतंत्र आणि वेग परतंत्र. यंत्र तेच, समीकरण तेच, त्यातील दोन राशीही त्याच. केवळ पुण्याहून एस.टी.ने कऱ्हाडास येण्याच्या अवधीत त्यांची सत्ता उलटते. माझ्या मते नवशिक्या मुलास स्वतंत्र चल समजावून देण्यासाठी या टाकीइतके उत्तम साधन दुसरे नाही, आणि पाठ्यपुस्तकांत तिचा उल्लेखही नसावा याचे मला आजही नवल वाटते.

गणितज्ञांनी तरी या बाबतीत आपली भूमिका फार पूर्वीच निस्तरून घेतलेली आहे. ऑयलरने १७४८ च्या आपल्या ग्रंथात फलन म्हणजे चलराशी व स्थिरांक यांच्यापासून रचलेली बैजिक राशी असे म्हटले होते. १७५५ च्या ग्रंथात त्याने ते अधिक व्यापक केले, आणि काही राशी बदलल्या असता ज्या राशींतही बदल घडतो त्या पहिल्यांची फलने होत, असे सांगितले. डिरिक्लेने १८३७ च्या सुमारास सूत्राचीही अट काढून टाकली: क्ष च्या प्रत्येक मूल्याबरोबर य चे एकच निश्चित मूल्य नेमून दिलेले असावे, मग ते सूत्राने दिलेले असो वा नसो. या व्याख्येस आमचा तक्ता बरोबर बसतो, कारण त्याच्यामागे नदीचे कोणतेही परिपूर्ण सूत्र नसते, केवळ मोजलेले बिंदू असतात. आणि या व्याख्येत कारणाचा उच्चारदेखील नाही, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. कोणी कोणास घडविले, हा प्रश्न गणिताने आपल्या कक्षेबाहेर ठेवून दिला. तो सोडविण्याची जबाबदारी, सरकारी भाषेत सांगायचे तर, संबंधित खात्याकडे वर्ग झाली.

आता तक्ता उलट दिशेने वाचण्याची पाळी येते तेव्हा काय होते ते पाहू. पावसाळ्यात कोयना धरणाचे दरवाजे उघडले की, काठावरच्या गावांतून दूरध्वनी सुरू होत. सांगलीकरांच्या लेखी पूर मोजण्याचे ठिकाण एकच, ते म्हणजे १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल. तेथे ४० फुटांस इशारा आणि ४५ फुटांस धोका, हे लहान मुलासही ठाऊक असते. वर्तमानपत्रे मात्र धरणातून इतके हजार क्युसेक सोडले अशी भाषा बोलतात. तेव्हा सांगलीलगतच्या एका गावचे सरपंच विचारीत, ''साहेब, कोयनेतनं पन्नास हजार सोडल्यात म्हंत्यात. आमच्यात किती फूट यील?'' या साध्या प्रश्नात आमचा सारा तक्ता उलटा झालेला आहे. त्यांच्या हाती विसर्ग आहे आणि त्यांना पातळी हवी आहे. त्यांचा क्ष आमचा य, आणि आमचा क्ष त्यांचा य. यापुढचा त्यांचा हिशेब त्रैराशिकाचा असे: पंचवीस हजारांस पाणी इतके चढले, तर पन्नास हजारांस त्याच्या दुप्पट. त्रैराशिकाने ज्या समाजाच्या पिढ्यान्पिढ्यांचे देणेघेणे चालले, त्यास दुसरे काही सुचावे तरी कसे? परंतु पातळी आणि विसर्ग यांचे नाते सरळ प्रमाणाचे नसते. नदी वाहायची थांबेल अशी जी सर्वांत खालची पातळी, तिच्यापासूनची उंची घेतली, तर विसर्ग त्या उंचीच्या कोणत्या तरी घाताच्या प्रमाणात वाढतो, आणि तो घात बहुधा दीड ते अडीच यांच्या दरम्यान असतो. समजा, तो दोन आहे. मग उंची दुप्पट झाल्यास विसर्ग चौपट होईल. उलट, विसर्ग दुप्पट झाल्यास उंची दुप्पट न होता सुमारे १.४१ पट होईल. हे ऐकून सरपंचांस हायसे वाटे. परंतु पाणी एकदा काठ ओलांडून शेतांत पसरले की तो घातही बदलतो, नाते नव्याने मांडावे लागते, आणि मघाच्या दिलाशाची मुदत संपते, हेही त्यांना सांगणे भाग असे.

ती सर्वांत खालची पातळी नक्की कोणती, हे काढण्याचा उद्योग मोठा रंजक होता. दोन्ही बाजूंस लघुगणकी मापे छापलेला कागद घ्यायचा, एक पातळी शून्य मानायची, बिंदू मांडायचे. ते वर वाकले तर शून्य एका बाजूस सरकवायचे, खाली वाकले तर दुसऱ्या बाजूस, आणि असे करता करता ज्या शून्यास सारे बिंदू एका सरळ रेषेत येतात ते खरे मानायचे. पुढे संगणक आले आणि ही मेहनत संपली. तिच्याबरोबर तिचा आनंदही गेला. त्या संगणकाच्या आरंभीच्या काळात एक तरुण कनिष्ठ अभियंता चिंतातुर चेहऱ्याने माझ्याकडे आला. त्याने एकाच आकडेवारीवरून दोन रेषा काढल्या होत्या, एकीत पातळीवरून विसर्ग, दुसरीत विसर्गावरून पातळी. आणि त्या दोहोंचा मेळ बसेना. यंत्रात बिघाड असावा असा त्याचा कयास होता. यंत्र निर्दोष होते. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीसंबंधी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात हेच मर्म आहे: उंच आईबापांची मुले सरासरीने उंच असतात खरी, पण आईबापांइतकी नव्हेत; आणि उलट बाजूने मोजले, तर उंच मुलांचे आईबापही सरासरीने त्या मुलांइतके उंच भरत नाहीत. ज्या राशीस आपण स्वतंत्र मानतो तिला बिनचूक धरून सगळी चूक दुसरीच्या माथी मारतो. म्हणून भूमिका बदलल्या की रेषाही बदलते. आमच्या बाबतीत पातळी सेंटिमीटरपर्यंत नेमकी वाचता येई, तर विसर्गात शेकडा पाच-दहांची तफावत सहज राही. तेव्हा पातळीस स्वतंत्र मानण्यात सोय होती आणि न्यायही होता. त्या मुलाने विचारले, ''मग सर, खरी रेषा कोणती?'' मी म्हटले, ''प्रश्न कोणता आहे ते आधी सांग.''

परंतु खरी अडचण याहून खोल होती, आणि ती मला दाखविली ती आमच्या मोजणीदारांनी. त्यांना सारा घाट तात्या म्हणे. शिक्षण बेताचे, पण नदीकाठी हयात गेलेली. पातळीच्या आकड्यापुढे ते नेहमी एक बारीकशी खूण करीत: पाणी चढते असेल तर वर जाणारी रेघ, उतरते असेल तर खाली जाणारी. नमुन्यात अशा खुणेस रकाना नव्हता, आणि वरच्या कचेरीतून तिच्याविषयी एकदा विचारणाही झाली होती. मी तात्यांना कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, ''साहेब, फूट त्येच असतंय, पर चडतं पानी पळतंय आन् उतरतं पानी रमतंय. नाव घालून बगा की.'' आम्ही नाव घातली आणि त्यांचे बोलणे तंतोतंत खरे ठरले. पुराचा माथा अजून वरच्या अंगास असताना आपल्याकडे येणाऱ्या पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार अधिक असतो, म्हणून त्याच पातळीस विसर्ग अधिक. माथा पुढे निघून गेला की उतार मंदावतो, म्हणून त्याच पातळीस विसर्ग कमी. आलेखावर याची एक रेषा न होता एक फास होतो. एका पातळीस दोन विसर्ग. म्हणजे डिरिक्लेच्या कसोटीस विसर्ग हे पातळीचे फलनच उरले नाही! जे दोन राशींचे खाजगी नाते समजले जात होते, त्यात उतार ही तिसरी राशी पहिल्यापासून सामील होती, फक्त तिचे नाव कोणी पुकारले नव्हते. तात्यांची रेघ ही त्या तिसऱ्या चलाची नोंद होती. मी त्या खुणेसाठी स्वतंत्र रकाना आखून घेतला.

सांगलीस ही तिसरी राशी तर डोळ्यांना दिसेल अशी उभी आहे. शहराच्या थोडे खाली, हरिपूरच्या संगमेश्वरापाशी, वारणा कृष्णेस मिळते. वारणेला पूर असला की संगमापाशी पाणी तुंबते आणि कृष्णेच्या पाण्यास वाट मिळत नाही. मग आयर्विन पुलाखालून जाणारा विसर्ग तेवढाच असूनही तेथील पातळी चढत राहते. वारणा उतरलेली असेल तर तोच विसर्ग निमूटपणे निघून जातो. पुढे नृसिंहवाडीस पंचगंगा मिळते, आणि तिचाही अंमल थोडाबहुत मागे पोहोचतो. तेव्हा आयर्विनची पातळी एका विसर्गावरून सांगणे म्हणजे फिर्यादीचीच जबानी घेऊन निकाल देण्यासारखे आहे. तेथे दोन ठिकाणच्या पातळ्या वाचाव्या लागतात, त्यांच्यातील फरकावरून उतार काढावा लागतो, आणि मग कोठे विसर्गाविषयी बोलता येते.

कोणी म्हणेल की, निदान धरणाच्या दरवाजापाशी तरी विसर्ग खराखुरा स्वतंत्र आहे. कळ दाबणारा माणूस ठरवील तितके पाणी सुटेल. मलाही तेथे उभे राहिल्यावर क्षणभर तसेच वाटे. परंतु कळ दाबणाऱ्याच्या हाती वरून आलेला हुकूम असतो, हुकूम देणाऱ्यापुढे जलाशयाच्या परिचलनाचा आराखडा असतो, आणि त्या आराखड्यात कोणत्या तारखेस जलाशयाची पातळी किती व येणारे पाणी किती असता किती सोडावे हे लिहिलेले असते. म्हणजे एका तक्त्यातील स्वतंत्र राशी ही दुसऱ्या तक्त्यातील परतंत्र राशी. येणारे पाणी पावसावर अवलंबून. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर येथील पर्जन्यमापकांचे आकडे त्यासाठी रोज सकाळी मागविले जातात. आणि पाऊसदेखील एकटा पुरेसा नाही; जूनमध्ये तहानलेली जमीन जो पाऊस पिऊन टाकते, तेवढाच पाऊस ऑगस्टमध्ये भिजून तृप्त झालेल्या डोंगरावर पडला की जवळजवळ सगळा धरणात येतो. या साखळीत मागे मागे जात राहिले तर ज्याच्यावर कोणाचाही हुकूम चालत नाही असा एकच रकाना शिल्लक राहतो, आणि तो नोंदवहीत सर्वांत डावीकडे असतो: तारीख व वेळ.

पुढे पूरकाळात गावांना अंदाज कळविण्यासाठी एक तक्ता करण्याचे काम माझ्याकडे आले. मी त्यात कोयनेतून सुटलेला विसर्ग, कऱ्हाडची पातळी व तिची चढउतार, हरिपुरापाशी वारणेची पातळी, असे रकाने घातले, आणि शेवटच्या रकान्यात आयर्विनच्या पातळीचा एक आकडा न देता दोन आकडे दिले: इतक्यापासून इतक्यापर्यंत. वरिष्ठांनी तो कागद शेरा मारून परत पाठविला. त्यांचे म्हणणे असे की, लोकांस एकच आकडा हवा असतो, दोन दिले तर खाते गोंधळलेले आहे असे त्यांस वाटेल. त्यांचा आग्रह अगदीच अवाजवी नव्हता. दवंडी देणारा इतक्यापासून इतक्यापर्यंत अशी दवंडी कशी देणार? बऱ्याच लिखापढीनंतर तोड निघाली ती अशी की, एकाऐवजी दोन तक्ते करावे, एक वारणा उतरलेली असतानाचा आणि दुसरा वारणेला पूर असतानाचा. प्रत्येकात शेवटी आकडा एकच. वारणेच्या रकान्यास अशा रीतीने तक्त्याच्या मथळ्यावर बढती मिळाली, आणि दोन्ही प्रती गावोगावच्या चावडीवर लागल्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात सरपंचांचा दूरध्वनी नेहमीप्रमाणे आला. धरणाचे दरवाजे आदल्या रात्रीच उघडले होते, आणि मी विसर्गाचा आकडा सांगू लागलो, तोच ते मध्येच म्हणाले, ''त्ये ऱ्हाऊ द्या साहेब, त्ये पेपरात आलंय. हरिपुरात वारणा किती हाय, त्ये आदी सांगा.''